नदीतला खेकडा : श्लेषाचे राजकारण

इंटरनेटवरील मीम म्हणजे क्षणजीवी विनोद, ही समजूत चीनमधील 'नदीतला खेकडा' या प्रतिमेपुढे अपुरी ठरते. २००४ पासून चिनी साम्यवादी पक्षाने 'सुसंवादी समाज' ही घोषणा पुढे केली. या सुसंवादाच्या नावाखाली मजकूर पुसला जाऊ लागला, तेव्हा पुसलेला मजकूर 'सुसंवादी केला गेला' असे लोक उपरोधाने म्हणू लागले. चिनी भाषेत 'सुसंवाद' व 'नदीतला खेकडा' यांचे उच्चार केवळ सुराच्या चढउताराने भिन्न होतात. त्यामुळे सेन्सॉरशिपला खेकड्याचे रूप मिळाले. २००९ मध्ये शिवीशी उच्चारसाम्य असलेला 'गवत-चिखल-घोडा' हा कल्पित प्राणी त्याचा प्रतिस्पर्धी म्हणून अवतरला.

रचनेच्या दृष्टीने हा शब्दश्लेष आहे. परंतु त्याचे सामर्थ्य श्लेषाच्या चमत्कृतीत नाही. वाच्यार्थ निरुपद्रवी असल्यामुळे त्यावर बंदी घालणाऱ्याला आधी व्यंग्यार्थ मान्य करावा लागतो. सेन्सॉर अशा रीतीने अनिच्छेने 'सहृदय' वाचक बनतो.

या समीक्षेची मर्यादाही स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये कलावंत आय वेईवेई यांनी, पाडण्याचा हुकूम झालेल्या आपल्या शांघायमधील स्टुडिओत खेकड्यांची मेजवानी योजिली. त्यांना स्वतःला बीजिंगमध्ये घरातच स्थानबद्ध करण्यात आले. मेजवानी त्यांच्या अनुपस्थितीत झाली आणि जानेवारी २०११ मध्ये स्टुडिओ जमीनदोस्त झाला. श्लेष वास्तू वाचवू शकत नाही. मात्र सत्तेने बळकावलेला शब्द तो तिच्या हाती निर्वेध राहू देत नाही. 'सुसंवाद' उच्चारताच खेकडा आठवावा, हीच त्याची राजकीय कृती होय.