नव्या मोहल्ल्यातला माणूस आणि आपले कथालेखन

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की ती बहुधा दोन ठिकाणांभोवती फिरते. एक गाव आणि दुसरी दंगल. गावात मोहरमचे डोले असतात, उरूस असतो, पाटलाच्या वाड्यावर ईदचा शीरखुर्मा जातो आणि मग एके दिवशी ते सगळे तुटते. दंगलीच्या कथेत शहर असते, पण ते जळतानाचेच असते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर निदान दोन पिढ्या लिहित्या झाल्या. या साऱ्या लेखनात आम्ही एका माणसाला शोधत आलो आहोत. तो गाव सोडून महानगरात आला आहे. त्याच्यावर अजून कुठलेही मोठे संकट कोसळलेले नाही. त्याला फक्त खोली हवी आहे. मग पाणी, मग गॅस, मग पोराचा शाळाप्रवेश, मग दूधवाल्याची उधारी. आमच्या वाचनात तरी हा माणूस फारसा भेटत नाही. भेटला तर दाराबाहेर उभा असतो आणि लेखक घाईत असतो.

आमचा हा शोध निव्वळ समीक्षकाचा नाही हे आधीच सांगून टाकतो. बी.एड. झाल्यावर उदगीरहून आम्ही २०१४ साली मुंब्र्यात आलो, उर्दू माध्यमाच्या एका शाळेत नोकरी लागली म्हणून. आदल्याच वर्षी, २०१३ च्या एप्रिलमध्ये, जवळच शिळफाट्यावर बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली होती. इमारत अधिकृत आहे का, असे विचारले की दलाल हसायचा आणि उलट आम्हालाच विचारायचा, ‘गाँव कौनसा? फॅमिली है?’ डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, एका महिन्याचे भाडे दलाली. त्या काळात आमच्या पिशवीत दोन कथासंग्रह होते आणि त्यांतल्या एकाचाही आम्हाला उपयोग झाला नाही. साहित्याने खोली मिळवून द्यावी अशी आमची अपेक्षा नव्हती. पण जे चालले आहे त्याला शब्द तरी मिळावेत, एवढे वाटत होते.

मराठीत या अनुभवाची सर्वांत कठोर कथा बाबूराव बागुलांनी लिहिली आहे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी जातो आणि डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो. पुढे ती कळते आणि त्याला मार खावा लागतो. ही कथा दलित साहित्याची म्हणून शिकवली जाते, ते योग्यच आहे. पण ती भाड्याच्या खोलीचीही कथा आहे. घरमालकाशी बोलताना तोंडातून चुकून काही निघू नये म्हणून सतत सावध राहणारा भाडेकरू तिच्यात आहे. मुसलमान वाचकाला ती फार जवळची वाटते. फरक इतकाच की आपल्याकडे नाव सांगितले की सगळे सांगून होते. चोरायला काही उरत नाही. म्हणूनच आपला माणूस ज्या वस्तीत नाव विचारले जात नाही तिथे जातो, आणि लेखकाला वाटते की आता प्रश्न मिटला, कथा संपली. आमच्या मते ती तिथे सुरू होते.

हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीकडे या दृष्टीने पाहावे. तिचा नायक मुंबईतली वर्षे मागे टाकून आजारपणामुळे कोकणातल्या गावी परततो आणि कादंबरी गावात घडते. गाव कसे पेटते हे दलवाईंनी ज्या निर्भयतेने लिहिले त्याला तोड नाही. पण मुंबई तिच्यात पडद्यामागेच राहते. ज्या शहराने या माणसाला बदलले त्या शहरात तो पहिल्या रात्री कुठे झोपला हे आपल्याला समजत नाही. दलवाईंना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना वेगळे सांगायचे होते. खंत याची की पुढच्या मुस्लिम लेखकांनीही तो पडदा फारसा सरकवला नाही. जयवंत दळवींचे ‘चक्र’ आणि मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ झोपडपट्टीत शिरली खरी, पण तिथला माणूस आधीच गाळात रुतलेला दिसतो. तो येतो कसा आणि राहायला लागतो कसा, यापेक्षा तो बुडतो कसा यावर त्यांची नजर अधिक आहे.

उर्दूत चित्र जरा वेगळे आहे. मंटो १९३६ साली मुंबईत आला आणि जानेवारी १९४८ मध्ये गेला. ‘मम्मद भाई’ या त्याच्या कथेतला निवेदक फारस रोडजवळच्या अरब गल्लीत खोली घेऊन राहतो आणि तापाने फणफणतो. एकटा माणूस, कोणी विचारणारे नाही. मग मोहल्ल्याचा दादा स्वतः चालत येतो आणि डॉक्टर पिंटोला कामाला लावतो, फीशिवाय. या कथेवर बोलताना सगळे मम्मद भाईच्या मिशांवर बोलतात, कारण शेवटी कोर्टात साधे दिसावे म्हणून तो त्या काढून टाकतो आणि तरी तडीपार होतोच. आमचे लक्ष मात्र त्या तापाकडे जाते. मोहल्ल्यात नवा माणूस ‘आपला’ केव्हा होतो? तो आजारी पडतो तेव्हा. हे मंटोने बरोबर पकडले आहे. आम्हालाही पहिल्या पावसाळ्यात कावीळ झाली तेव्हाच वरच्या मजल्यावरच्या खालांनी मुगाची खिचडी पाठवली. त्याआधीचे चार महिने जिन्यात नुसता सलाम होता. मात्र मंटोच्या मोहल्ल्यात सगळी माया दादाच्या हातून येते. खिचडी पाठवणाऱ्या खालाला त्याच्या कथेत जागा नाही.

आता सलाम बिन रज्जाक. यांच्यावर थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण ते आमच्याच पेशातले होते. १९४१ साली पनवेलला जन्मलेले, महापालिकेच्या शाळेत शिकवणारे, मराठीतून उर्दूत अनुवाद करणारे. २००४ साली ‘शिकस्ता बुतों के दरमियान’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२४ मध्ये ते गेले. त्यांची ‘अंजामकार’ ही कथा मराठी वाचकांनी मुद्दाम मिळवून वाचावी. एक नोकरदार माणूस बायकोसह वस्तीतल्या खोलीत राहतो. राहतो, पण वस्तीचा झालेला नाही. दाराजवळच दारूचा बेकायदा धंदा चालतो. त्याला ते सहन होत नाही. तो पोलिसांकडे जातो आणि रिकाम्या हाताने परततो. आता एकतर हा लढेल नाहीतर मार खाईल, असे वाचकाला वाटत असते. शेवटी तो त्याच अड्ड्यावर जाऊन बसतो आणि स्वतःसाठी दारू मागवतो.

ही कथा आम्ही शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचली होती. एक सहकारी म्हणाले, ‘हरला बिचारा.’ दुसऱ्या बाजी म्हणाल्या, ‘हरला कसला, आता कुठे तिथे राहायला लागला.’ मधली सुट्टी संपली तरी वाद संपला नाही. आमचे मत दोघांपेक्षा थोडे निराळे आहे. सलाम बिन रज्जाक यांनी रुजण्याची किंमत लिहिली आहे. मोहल्ला तुम्हाला सामावून घेतो, पण स्वतःच्या अटीवर, आणि ती अट कागदावर नसते. कुठल्या गोष्टीकडे पाहायचे नाही हे शिकावे लागते. पाण्याची मोटर कोणाच्या लाइनवर आहे, तळमजल्यावरचे दुकान कोणी वाढवले, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि नवा माणूस तेच विचारतो. इतके सारे कथेने एका पेल्यात आणले. तिची उणीवही सांगितली पाहिजे. ती शेवटपर्यंत पुरुषाच्या मानापमानाची कथा राहते. त्या दाराआड बाईने दिवस कसा काढला, पाण्याला जाताना ती कुठून वळली, शेजारणीशी काय बोलली, हे तिच्यात येत नाही. मोहल्ल्यात घर लावण्याचे निम्म्याहून अधिक काम बायका करतात आणि ते अजून न लिहिलेलेच आहे.

रहमान अब्बास यांच्या ‘रूहज़िन’ (२०१६, साहित्य अकादमी पुरस्कार २०१८) या कादंबरीत आम्हाला हवा असलेला माणूस अखेर दिसला. असरार कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गावातून मुंबईला येतो आणि जमातीच्या खोलीत उतरतो. कोकणी मुसलमान वाचकाला ही खोली समजावून सांगायला नको. गावच्या जमातीने धरून ठेवलेली, आडव्या दोरीवर लुंग्या, भिंतीला ट्रंका, रात्री ओळीने अंथरुणे. बोटीवर जाणारे, बोटीवरून आलेले, नोकरी शोधणारे सगळे तिथेच. ही संस्था साहित्यात आणल्याबद्दल आपण रहमान अब्बासांचे ऋणी आहोत. पण तक्रारही तिथेच आहे. असरार आणि हिना २००५ च्या २६ जुलैच्या पावसात मरणार हे कादंबरी सुरुवातीलाच सांगून टाकते. मग प्रेम, देह, मुंबईची मिथके यांचा असा लोंढा येतो की खोली मागे पडते. त्या खोलीत भांडी कोणी घासायची, नव्या पोराला कोपऱ्यातली जागा किती दिवसांनी मिळते, पहिल्या पगाराचे काय होते, यात लेखक आणखी शंभर पाने रमला असता तर आम्ही आनंदाने वाचली असती. मरण ठरलेल्या माणसाच्या भाड्याची चिंता कोण करणार!

आणि ज्यांच्या गावाची जमातीची खोलीच नाही त्यांचे काय? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईकडे निघालेली कुटुंबे कुणाच्या भरवशावर उतरली? आमच्या भागातले बरेचसे लोक एखाद्या गाववाल्याच्या पत्त्यावर गेले, आणि तो पत्ता बहुधा बदललेला असे. हे आजोबांच्या पिढीच्या तोंडी आहे, छापील कुठे आहे?

भाषेचा मुद्दा आम्हाला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. मुंब्र्यात आल्यावर आमची ‘नक्को’ आणि ‘मैंच’ ऐकून मुले तोंड दाबून हसली. उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांची ती मुले, त्यांच्या कानाला ते उर्दू वाटेना. दखनीतला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आला आणि तो ‘च’ही मराठीचाच, हे आम्हाला ठाऊक होते, तरी दोन वर्षांत आम्ही तो गिळला. दुसरीकडे ठाण्याच्या एका कार्यालयात दाखल्यासाठी गेलो की खिडकीतला माणूस म्हणतो, ‘तुम्ही मराठी छान बोलता हो!’ मोहल्ल्यात आम्ही मराठी आणि मोहल्ल्याबाहेर आम्ही उर्दू. मराठी मुसलमानाचे महानगरातले परकेपण हे असे दुहेरी आहे. आणि आपल्या कथांतले संवाद काय सांगतात? कोकणी असो, सोलापूरचा असो की आझमगढचा, कथेतला प्रत्येक मुसलमान तीच सिनेमाची बंबइया बोलतो. अमुस्लिम लेखकांनी तसे केले तर आपण नावे ठेवतो, पण आपलेही लेखक तेच करतात. माणसाची बोली खोलीच्या करारापेक्षा सावकाश बदलते. सहाव्या महिन्यात एक शब्द जातो, वर्षाने हेल जातो, फोनवर अम्मीशी बोलताना दोन्ही परत येतात. हे नुसत्या संवादांतून दाखवणारी एक कथा आम्हाला कोणी दाखवावी.

येथे वलीची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. १७०० च्या सुमारास हा दखनी कवी दिल्लीला गेला. तिथे तोही नवखाच होता. पुढे त्याचा दीवान दिल्लीत पोहोचला आणि फारसीत लिहिणारे कवी रेख्त्यात लिहू लागले. एवढा इतिहास आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो, आणि त्याच तासाला एखादे पोर ‘मेरेकू’ म्हणाले की त्याला थांबवून ‘मुझे’ म्हणायला लावतो. समीक्षकाच्या खुर्चीत बसून लेखकांना जाब विचारताना हेही कबूल करायला हवे.

गेल्या वर्षी सातवीत परभणीकडचा एक मुलगा नव्याने आला. ‘हमारा मोहल्ला’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. इतरांनी मशीद, बाग, साफसफाई असे ठरलेले लिहिले. त्याने लिहिले की आमच्या मजल्यावर पाणी चढत नाही, अम्मी खालच्या घरातून दोन बादल्या आणते, त्या घरच्या चाचीला अम्मीचे बोलणे कळत नाही, पण बादली रिकामी दिसली की ती स्वतःच नळ सोडते. दहा ओळींत सहा चुका होत्या, त्यांतला एक ‘नक्को’. लाल पेन आमच्या हातात होते. वही दोन दिवस तशीच टेबलावर राहिली, मग बाकीच्या शिक्षकांना वाचायला दिली. बाजी म्हणाल्या, यातली चाची पुढे लिहायला सांगा त्याला. सांगितले आहे. त्याने आठ ओळी आणखी आणल्या आहेत आणि चाची मूळची जौनपूरची असल्याचे त्यांत निघाले आहे.