दान कोणाचे, ठेव कोणाची?

इजिप्तच्या पुरावस्तूंवर पाश्चात्त्य संग्रहालयांचा हक्क किती, हा वाद आपण सहसा तिऱ्हाइताच्या अलिप्तपणाने वाचतो. रोझेटाचा शिलालेख १७९९ मध्ये फ्रेंचांना सापडला, १८०१ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला व १८०२ पासून लंडनला आहे. त्या देवघेवीत इजिप्तच्या रयतेला कोणी विचारले नाही, हे वाचून आपल्याला न्याय्य संताप येतो.

हावड्याचा पूल ओलांडून चौरंगीवरील इंडियन म्युझियममध्ये जाणाऱ्या मराठी माणसाला मात्र ही अलिप्तता परवडणार नाही. तेथे इजिप्तची एक ममी आहे, आणि भारहुतच्या स्तूपाची वेदिकाही आहे. कनिंगहॅमने १८७३ मध्ये भारहुत शोधले, पुढील वर्षी उत्खनन केले आणि वेदिका व पूर्वेचे तोरण कलकत्त्यास आणविले. गावकरी स्तूपाचे दगडविटा घरांसाठी नेत होते. तेव्हा जे आणले ते वाचले, हे त्याचे समर्थन खोटे नव्हे. परंतु रक्षण केल्याने राखणदारी सिद्ध होते, मालकी नव्हे. मूळ जागी आज जवळजवळ काहीच उरलेले नाही, ही त्या रक्षणाची किंमतही हिशेबात धरली पाहिजे.

या शिळांवरील ब्राह्मी लेख आपल्याला अधिक अडचणीत टाकतात. एक दान 'करहकट' नगराच्या निगमाचे आहे; हे करहकट म्हणजे आपले कऱ्हाड, असे विद्वान मानतात. एक स्तंभ नाशिकच्या गोरक्षितेने, वसुकाच्या पत्नीने दिला आहे. मग त्यावर हक्क कोणाचा? कऱ्हाडकरांचा, सतना जिल्ह्यातील भारहुतचा, की कलकत्त्याचा? दात्यांनी आपला हक्क दोन सहस्र वर्षांपूर्वीच सोडला; पण सोडला तो स्तूपासाठी, कोणा संग्रहासाठी नव्हे. दानाचा हेतू हाच येथे खरा दस्तऐवज आहे.

त्याच सातारा जिल्ह्यात जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने आली. ती शिवछत्रपतींचीच, असे खुद्द ते म्युझियमही खात्रीने सांगत नाही. तरीही लोकांची रीघ लागली. उसन्या वस्तूच्या दर्शनाला रांग लावणाऱ्यांनी आपल्या पदरी असलेल्या परक्या वस्तूंकडे डोळेझाक करणे शोभत नाही. लंडनला जो प्रश्न विचारावयाचा, तो कलकत्त्यालाही विचारला पाहिजे: ही ममी कोणाच्या संमतीने थडग्यातून निघाली?

सर्व काही परत करा, ही घोषणा सोपी आहे. सर्व काही राहू द्या, हा आळसही सोपाच. निदान एवढे तरी व्हावे की, प्रत्येक वस्तूच्या पाटीवर तिचे वय व घडण यांबरोबर ती कोठून, कोणाच्या हुकमाने आणि कोणाला विचारून आणली, हेही लिहिले जावे. जेथे ती ओळ कोरी ठेवावी लागेल, तेथून परतीच्या चर्चेला आरंभ करता येईल.