चेतावणी कुणाच्या जंगलाची?

मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅपर मंडळींचा ‘चेतावणी’ हा अल्बम जानेवारी २०२०मध्ये आला. ‘गली बॉय’ला तेव्हा वर्ष होत आलं होतं, रॅप ऐकायला कान तयार होते. कौतुक भरपूर झालं. पण बरंचसं इंग्रजीत, आणि बरंचसं ‘निर्भीड’ या एका शब्दात मावेल असं. विषय धाडसी म्हणून गाणं चांगलं, हा हिशेब मला पटत नाही. अल्बममध्ये जिथे व्यवस्थेच्या पापांची नुसती यादी येते, तिथे ठेका कितीही दणकट असो, मी वर्तमानपत्र ऐकत असतो. मराठी, हिंदी, गुजराती एकाच श्वासात एकमेकींना ढकलायला लागतात, तिथे मात्र कान टवकारतात. (‘चेतावणी’ म्हणजे इशारा खरा, पण मराठीत चूलही चेतवतात.)

यांची खरी उडी आहे ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये, २०१९च्या. आरेतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात गातात. त्यांचा आवाज चवीपुरता टाकलेला नाही. रॅप त्याच्यासाठी थांबतो, वाट देतो. नाव घेता येईल असं एकच जंगल, एकच पाडा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कारशेडसाठी २,०००हून जास्त झाडं दोन-तीन दिवसांत पडली, आणि गाणं देशभर आणखी लांब पोचलं.

चंद्रपुरात बसून हे ऐकताना हेवा वाटतो. इकडे गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर आहे, माडियांच्या ठाकूरदेवाचा. त्यावर ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा. गाण्याची तर ददात नाही. रेला आहे: हातात हात गुंफून, एका पालुपदावर रात्रभर चालणारा. झाडीपट्टीत दंडार आहे. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, हे आम्हाला ब्रॉन्क्सकडून शिकायला नको. मग सुरजागडचं असं गाणं मुंबईपर्यंत का पोचत नाही?

पैसा, स्टुडिओ, नेटवर्क ही कारणं आहेतच. पण त्याहून मोठं कारण असं, की इथे गाण्यावर आधीच दोघांचा डोळा आहे. माओवाद्यांच्या चेतना नाट्य मंचानं रेलाच्याच चाली घेतल्या. त्यामुळे खाणीविरुद्ध कुणी पोरगं गायलं, की ‘हे तुला कुणी शिकवलं’ हा प्रश्न आधी येतो. पोर आपलं आपण गाऊ शकतं, हे ना जंगलातल्यांना मानवतं, ना ठाण्यातल्यांना. मुंबईत मूठ वळली की फोटो निघतो. एटापल्लीत मूठ वळली की नाव लिहून घेतलं जातं. ‘निर्भीड’ हा शब्द समीक्षकानं दोन्ही ठिकाणी त्याच भावानं वापरू नये.

यात ‘स्वदेशी’चा दोष नाही. उलट त्यांच्यातलाच १००आरबीएच अमरावतीचा, आणि ‘गली बॉय’च्या ‘इंडिया ९१’मध्येही तो आहे. विदर्भ मुंबईच्या ठेक्यावर चढला तो असा, वऱ्हाडच्या बाजूनं. वैनगंगेपलीकडची माडिया अजून त्या माइकपर्यंत गेलेली नाही. गेली, तर भोईरांसारखी पाहुणी म्हणून जाऊ नये. ओळ तिनं टाकावी, आणि उचलायचं काम रॅपरांनी करावं.