रणगाड्याच्या मुख्य तोफेची निवड : व्यासकेंद्री मूल्यमापनाची चिकित्सा

प्रस्तावना :

युद्धकाळातील रणगाड्यांविषयी लिहिताना तोफेच्या नळीचा व्यास किती मिलिमीटर, हा पहिला आणि बहुधा शेवटचा निकष मानला जातो. अधिक व्यासाची तोफ श्रेष्ठ. आणि कमी व्यासाच्या तोफेने विजय मिळवला, तर तो केवळ शौर्याचा चमत्कार, अशी मांडणी रूढ आहे. या मांडणीत शौर्याचा गौरव होतो. परंतु ती तोफ कशासाठी आणि कोणत्या मर्यादांत निवडली गेली, हा प्रश्न झाकला जातो. प्रस्तुत लेखात या व्यासकेंद्री मूल्यमापनाची चिकित्सा केली आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा विषय परका नाही. मंठ्यासह आजच्या जालना जिल्ह्याचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकात जालना येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि याच कंटिंजंटच्या घोडदळाच्या परंपरेतून डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट आकारास आली. तिने १९४५ मध्ये ब्रह्मदेशात आणि १९६५ मध्ये पंजाबात शर्मन रणगाड्यांवरून युद्ध केले. एकाच रेजिमेंटचे हे दोन अनुभव प्रस्तुत चिकित्सेस आधारभूत ठरतात.

व्यास आणि वेग :

चिलखत भेदण्याची क्षमता गोळ्याचे वस्तुमान, वेग, आकार आणि धातू यांवर अवलंबून असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेगातील फरक निर्णायक ठरतो. शर्मनची मूळ तोफ ७५ मिमीची होती आणि जर्मन पँथरचीही ७५ मिमीचीच. मात्र शर्मनचा चिलखतभेदी गोळा सेकंदाला सुमारे ६२० मीटर वेगाने नळीबाहेर पडत असे, तर पँथरचा सुमारे ९३५ मीटर वेगाने. दोन्ही गोळ्यांचे वजन जवळपास सारखे असूनही पँथरच्या गोळ्याची ऊर्जा दुपटीहून अधिक होती. टायगर रणगाड्याच्या ८८ मिमी तोफेपेक्षाही पँथरची ७५ मिमी तोफ चिलखत भेदण्यात सरस होती. यावरून नळीचा व्यास हा तोफेच्या गुणवत्तेचा निकष होऊ शकत नाही, हे स्पष्ट होते.

लक्ष्याचा प्रश्न :

नॉर्मंडीत १९४४ मध्ये शर्मनची ७५ मिमी तोफ पँथर व टायगरच्या दर्शनी चिलखतापुढे अपुरी पडली. ब्रिटिशांनी काही शर्मनांवर १७ पौंडी तोफ बसवली, तर अमेरिकेने ७६ मिमीची तोफ आणली. परंतु या नव्या अमेरिकी तोफेच्या उच्चस्फोटक गोळ्यात स्फोटक सुमारे ३९० ग्रॅम होते. जुन्या ७५ मिमी गोळ्यात ते सुमारे ६७० ग्रॅम होते. चिलखतभेदनात जे मिळवले, त्यातील काही भाग पायदळाला साहाय्य करण्याच्या क्षमतेतून वजा झाला. रणगाड्यांपुढे बहुतेक वेळा शत्रूचे रणगाडे नसून मशीनगनची ठाणी, इमारती आणि तोफा असत, हे लक्षात घेतल्यास ही वजाबाकी किरकोळ ठरत नाही.

ब्रह्मदेशात हे गणित अधिकच वेगळे होते. फेब्रुवारी-मार्च १९४५ मधील मेकटिलाच्या लढाईत डेक्कन हॉर्सच्या शर्मनांसमोर प्रामुख्याने जपानी बंकर होते. जपानच्या टाइप ९५ या हलक्या रणगाड्याचे चिलखत जास्तीत जास्त १२ मिमी होते. तेथे अधिक भेदक तोफेचा उपयोग मर्यादितच झाला असता. जी तोफ नॉर्मंडीत उणी ठरली, तीच ब्रह्मदेशात योग्य ठरली.

पुरवठ्याचा प्रश्न :

निवडीची दुसरी मर्यादा कारखान्यात आणि पुरवठ्यात असते. सोव्हिएत संघाने आयएस-२ रणगाड्यासाठी १२२ मिमीची तोफ निवडली. चिलखतभेदनासाठी १०० मिमीच्या तोफेचा पर्यायही विचारात होता. परंतु १२२ मिमीच्या तोफेचे व तिच्या दारूगोळ्याचे उत्पादन आधीच सुरू होते आणि तिचा सुमारे २५ किलोचा गोळा तटबंदीविरुद्ध प्रभावी होता. त्याची किंमतही मोजावी लागली. गोळा व दारू वेगवेगळे भरावे लागत. मिनिटाला दोन-तीन गोळेच झाडता येत आणि रणगाड्यात केवळ २८ गोळे मावत. ही निवड सर्वोत्तम तोफेची नव्हती. हाती असलेल्या साधनांतून, ठरलेल्या कामासाठी केलेली ती निवड होती.

असल उत्तरचे वाचन :

८ ते १० सप्टेंबर १९६५ या काळात खेमकरण क्षेत्रातील असल उत्तर येथे पाकिस्तानचे ९० मिमी तोफांचे पॅटन रणगाडे भारतीय सैन्याने रोखले. अलिबाग येथे जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य हे तेव्हा डेक्कन हॉर्सचे नेतृत्व करीत होते. या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले. १९७१ मध्ये ते पुन्हा या सन्मानाचे मानकरी ठरले आणि पुढे लष्करप्रमुख झाले. डेक्कन हॉर्सजवळ महायुद्धकालीन शर्मन होते, ८ कॅव्हलरीजवळ ७५ मिमी तोफेचे हलके एएमएक्स-१३ आणि ३ कॅव्हलरीजवळ सेंच्युरियन.

‘जुन्या शर्मनांनी आधुनिक पॅटनांना हरवले’ हे विधान खरे असले, तरी अपुरे आहे. समोरासमोर, दूर अंतरावरून लढत झाली असती, तर पॅटनची तोफ वरचढ ठरली असती. भारतीय सैन्याने ती लढतच नाकारली. घोड्याच्या नालासारखी बचावफळी, पाणी सोडलेली शेते आणि उंच ऊस यांमुळे पॅटन जवळच्या अंतरात आले. अनेक ठिकाणी त्यांच्या पातळ चिलखताच्या बाजू भारतीय तोफांसमोर आल्या. त्या अंतरावर शर्मनची तोफ पुरेशी होती. येथे तोफ बदलता येत नसल्याने लक्ष्याचे अंतर व कोन बदलण्यात आला. हे शौर्याइतकेच निर्णयबुद्धीचे यश होय. केवळ शौर्याची भाषा वापरणारे लेखन या बुद्धीचे श्रेय सेनानींना नाकारते.

अर्जुनची तोफ :

हाच निकष पुण्यात घडलेल्या निवडीस लावणे आवश्यक आहे. १९७४ मध्ये मंजूर झालेल्या अर्जुन प्रकल्पासाठी पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने १२० मिमीची खोबणीदार नळीची तोफ विकसित केली. खोबणीमुळे गोळ्याला फिरकी मिळते. पृष्ठभागावर चपटा होऊन फुटणाऱ्या ‘हेश’ गोळ्यास ती उपयुक्त असते आणि हा गोळा बंकर व इमारतींविरुद्धही चालतो. उलट, आधुनिक चिलखतभेदी बाण शेपटीच्या पंखांमुळे स्थिर राहतो. त्याला फिरकीची गरज नसते, म्हणून त्यासाठी गुळगुळीत नळी सोयीची असते.

या तोफेवरील टीका बहुधा भेदनक्षमतेच्या तुलनेपाशी थांबते. अधिक गंभीर प्रश्न पुरवठ्याचा आहे. भारतीय सैन्यातील टी-७२ व टी-९० रणगाड्यांची तोफ १२५ मिमीची, गुळगुळीत नळीची आहे. अर्जुनची मागणी मात्र २००० मध्ये १२४ आणि २०२१ मध्ये सुधारित आवृत्तीच्या ११८ रणगाड्यांपुरतीच राहिली. इतक्या अल्प संख्येसाठी दारूगोळ्याची स्वतंत्र साखळी चालवणे आणि त्याचे संशोधन अद्ययावत ठेवणे कठीण असते. ब्रिटननेही चॅलेंजर-३ साठी खोबणीदार नळी सोडून गुळगुळीत नळी स्वीकारली. मित्रराष्ट्रांशी समान दारूगोळा हे त्यामागील महत्त्वाचे कारण होते. म्हणजेच अर्जुनची तोफ सदोष होती असे नव्हे. तिला आवश्यक असलेली संख्या तिच्या वाट्याला आली नाही.

निष्कर्ष :

तोफेची निवड म्हणजे पुढच्या युद्धात समोर काय असेल, याविषयीचे अनुमान होय. त्याचे मूल्यमापन चार प्रश्नांनी व्हावे : लक्ष्य कोणते, अंतर किती, दारूगोळा कोठून येणार आणि या तोफेसाठी काय सोडावे लागले. जुलै २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘झोरावर’ या हलक्या रणगाड्याला १०५ मिमीची तोफ दिली आहे. व्यासाच्या निकषावर ती माघार वाटेल. परंतु लडाखच्या उंचीवर वाहून नेता येईल अशा, सुमारे २५ टनांच्या रणगाड्यासाठी तो समंजस निर्णय ठरतो.

इतिहास, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र व संरक्षणशास्त्र यांच्या अध्यापनात हा विषय एकत्रितपणे हाताळला गेल्यास युद्धविषयक मराठी लेखन गौरवाकडून विश्लेषणाकडे वळेल. अपुऱ्या वा चुकीच्या निवडीची किंमत अखेरीस रणगाड्यात बसलेल्या जवानांना मोजावी लागते. म्हणून ही निवड तपासण्याची सवय केवळ लष्करी तज्ज्ञांपुरती मर्यादित राहणे योग्य नाही.