युवा संशोधकांच्या रोबोटिक्स परिषदा : स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना :
रोबोटिक्स या विद्याशाखेतील महत्त्वाचे संशोधन नियतकालिकांइतकेच परिषदांच्या कार्यवृत्तांतून प्रसिद्ध होत असते. त्यामुळे परिषदेत कोणाला आणि काय मांडता येते, या प्रश्नाला येथे विशेष महत्त्व प्राप्त होते. मानव आणि रोबो यांच्यातील आंतरक्रियेला वाहिलेली ‘एचआरआय’ ही परिषद २००६ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे प्रथम भरली. तेव्हापासून तिच्या जोडीने विद्यार्थ्यांची स्वतंत्र कार्यशाळा भरत आली असून ती ‘एचआरआय पायोनिअर्स’ या नावाने ओळखली जाते. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘रोबोटिक्स : सायन्स अँड सिस्टिम्स’ या परिषदेलाही पुढे असाच उपक्रम जोडला गेला. प्रस्तुत लेखात या प्रकारच्या परिषदांची समीक्षा केली आहे.

स्वरूप :
अर्जांतून निवडलेले मोजके पीएच.डी. विद्यार्थी व नवसंशोधक, लघुनिबंध, भित्तिपत्रके आणि ज्येष्ठांशी चर्चा असे या उपक्रमांचे सर्वसाधारण स्वरूप असते. मुख्य परिषद पूर्ण झालेल्या कामाचे मूल्यमापन करते, तर येथे संशोधकाची दिशा तपासली जाणे अपेक्षित आहे. अभियांत्रिकी, मानसशास्त्र व अभिकल्प या शाखांतील विद्यार्थी एकत्र येतात, हेही या उपक्रमांचे बलस्थान होय.

मर्यादा :
तथापि निवड गुणवत्तेच्या स्पर्धेतून होत असल्याने विद्यार्थी आपले अपुरे काम न आणता यशस्वी काम घेऊन येतो. रोबोच्या अनेक प्रयत्नांपैकी सफल झालेला एकच प्रयत्न चित्रफितीत दाखवता येतो; उरलेले प्रयत्न प्रयोगशाळेतच राहतात. संगणकावरील सादृशीकरणात बिनचूक चालणारा रोबो प्रत्यक्षात घसरणारे चाक, बदलता प्रकाश आणि सदोष संवेदक यांच्यापुढे अडतो. म्हणजेच जे ज्ञान पुढच्या विद्यार्थ्याची वर्षे वाचवू शकले असते, तेच परिषदेत अनुपस्थित असते.

याउलट उदाहरण या क्षेत्राच्या इतिहासातच सापडते. मार्च २००४ मध्ये ‘डार्पा’ या अमेरिकी संस्थेने मोजावे वाळवंटात चालकविरहित वाहनांची स्पर्धा घेतली. सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा मार्ग एकाही वाहनाला पूर्ण करता आला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे ‘सँडस्टॉर्म’ सर्वांत पुढे गेले, ते सुमारे १२ किलोमीटर. हे अपयश सर्वांसमक्ष घडले. ऑक्टोबर २००५ मध्ये पाच वाहनांनी २१२ किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला आणि स्टॅनफर्डची ‘स्टॅनली’ विजयी ठरली. या प्रगतीचे सारे श्रेय एका कारणाला देता येणार नाही. परंतु कोणते वाहन कोठे व का थांबले हे सर्वांना ठाऊक होते, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

भारतीय संदर्भ :
भारतात ‘अ‍ॅडव्हान्सेस इन रोबोटिक्स’ ही परिषद २०१३ साली पुणे येथे भरली. आपल्याकडे परिषदेतील सहभागाला आणखी एक बाजू होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार पीएच.डी. प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे व परिषदांत दोन निबंध सादर करणे आवश्यक होते. साहजिकच निबंधवाचनापेक्षा प्रमाणपत्राला महत्त्व येण्याचा धोका निर्माण झाला. २०२२ च्या विनियमांत आयोगाच्या स्तरावरील ही सक्ती उरली नाही. आता विद्यार्थ्याने परिषदेस का जावे, याचे उत्तर परिषदेनेच द्यावयाचे आहे.

निष्कर्ष :
युवा संशोधकांची परिषद ही मुख्य परिषदेची लहान प्रतिकृती ठरल्यास तिचे वेगळे प्रयोजन उरत नाही. लघुनिबंधात फसलेल्या प्रयोगांची व त्यांच्या कारणांची नोंद अनिवार्य करावी आणि निवड करताना त्या नोंदीचाही विचार व्हावा. प्रबंधाची दिशा बदलणे अद्याप शक्य असते, त्याच टप्प्यावर विद्यार्थ्याला आपले अपुरे काम जाणकारांसमोर निर्धास्तपणे ठेवता आले, तरच अशा परिषदेचे सार्थक होईल.