शिवलेले विलायती, नेसलेले देशी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या स्त्रीवेषाचा विषय निघाला की आवळलेली कंबर आणि मागे फुगवलेला घागरा आठवतो. त्याच काळातल्या मराठी स्त्रियांची छायाचित्रे मात्र आपण चरित्राच्या मुखपृष्ठापुरती वापरतो. चेहरा ठेवतो, बाकीचे कापून टाकतो. खरा पुरावा त्या कापलेल्या भागात असतो. स्त्रीने काय स्वीकारले आणि काय नाकारले, हे तिथे दिसते. कल्याणच्या गणपतराव जोशी यांची मुलगी यमुना, म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी, यांचे 1885 मधले फिलाडेल्फियाचे छायाचित्र पाहावे. शेजारी त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या सहाध्यायी: जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या सबात इस्लामबुली आपल्या देशी वेषात आणि आनंदीबाई साडीत. परक्या मुलींना नमुना म्हणून सजवून बसवले, अशी शंका कोणी घेईल. छायाचित्र काढणाऱ्यांना नवलाईची हौस असेलही. पण अन्न आणि पोशाख बदलणार नाही, हे आनंदीबाईंनी फेब्रुवारी 1883 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत, अमेरिकेला निघण्यापूर्वीच, जाहीर केले होते. अमेरिकेत त्या गुजराती पद्धतीने नेसू लागल्या, कारण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी कडक. साडी ठेवली, नेसण बदलली. इतका विचारपूर्वक घेतलेला निर्णय निव्वळ अनुकरणाच्या खात्यात टाकणे मला अन्यायाचे वाटते.

विलायती वारे शिरले ते कमरेच्या वर. पुढे गाठ मारायची आखूड चोळी मागे पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुधारक घरांतल्या छायाचित्रांत लांब बाह्यांची, बंद गळ्याची, लेसची पोलकी दिसू लागली. शिंप्याच्या कात्रीने साहेबी वळण घेतले, पण त्यावरचा पदर, कुंकू आणि नथ आपल्या जागी राहिली. हे सणासुदीचे कपडे, रोजचे नव्हेत, हा आक्षेप योग्य आहे. तरीही आपण कसे दिसावे याची निवड नेमकी अशाच कपड्यांत होते.

रंगांबद्दल मात्र सावध राहावे. त्या वेळच्या कॅमेऱ्यातल्या काचपट्ट्यांना निळा प्रकाश फार जाणवे, तांबडा जवळजवळ नाही. त्यामुळे लाल लुगडे काळपट उमटे आणि निळे फिकट. संगणकावर रंगवलेली जुनी छायाचित्रे हल्ली हौसेने फिरतात, पण त्यांतला लुगड्याचा रंग हा अंदाज असतो. त्यापेक्षा ठाणे, कल्याण आणि जुन्या डोंबिवलीतल्या घरांनी आपल्याकडची पुठ्ठ्यावर चिकटवलेली छायाचित्रे कडेसकट, दोन्ही बाजूंनी स्कॅन करावीत. रेल्वे 1853 मध्ये ठाण्याला आणि 1854 मध्ये कल्याणला पोचल्यावर मुंबईचे स्टुडिओ हाकेच्या अंतरावर आले होते. पुठ्ठ्यावरचे स्टुडिओचे नाव आणि बाहीचा घेर यांवरून काळ बराच नेमका ठरतो, कारण खांद्याशी फुगलेली बाही 1895 च्या आसपास ऐन भरात होती.

हा सगळा पुरावा मूठभर, बहुतांशी उच्चवर्णीय घरांचा आहे, हा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो मान्यच करायला हवा. कष्टकरी स्त्रिया आपल्याला भेटतात त्या विल्यम जॉन्सनच्या 1863 ते 1866 मधल्या मुंबईच्या जातीजमातींच्या संग्रहासारख्या पुस्तकांत, नावाऐवजी जातीच्या मथळ्याखाली. लुगडे कसे नेसले आहे, अंगावर कोणते दागिने आहेत, हे तिथेही वाचता येते. कॅमेऱ्यापुढे असे उभे राहायचे कोणी ठरवले, हे त्या चित्रांवरून कळत नाही.