‘संगीत शारदा’तील पित्याचा अधिकार

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकाची चर्चा बहुधा जरठ-कुमारी विवाहाच्या अंगाने होते. परंतु वृद्ध भुजंगनाथाहून अधिक दोषी आहे तो द्रव्यलोभाने कन्याविक्रय करणारा कांचनभट, म्हणजे शारदेचा जन्मदाता. माता इंदिराकाकूचे या घरात काही चालत नाही. अशा वेळी समाजाने कोणत्या आधारावर मध्ये पडावे? नाटकाने दिलेले उत्तर विचार करावयास लावणारे आहे. कोदंड लग्न थांबवू शकतो तो वधूवर सगोत्र ठरतात म्हणून. शारदेचे दुःख हे कारण पुरेसे होत नाही. गोत्रे भिन्न असती तर? ही रचनेतील पळवाट आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस मात्र ती तत्कालीन समाजस्थितीशी प्रामाणिक वाटते. पुढे १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने अशा पित्यास शिक्षापात्र ठरविले. तथापि झालेला विवाह त्या कायद्याने रद्द होत नसे. अपत्याचे हित हेच हस्तक्षेपाचे पुरेसे कारण होय, हे शारदेच्या समाजाने मानले नाही. कायद्यानेही ते प्रथम अर्धेच मानले.